सौरज्वाला आणि कुलाब्याची नोंदवही

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमधील रेडहिल येथे रिचर्ड कॅरिंग्टन हे ज्योतिर्विद सूर्यावरील डागांचे चित्र रेखाटीत होते. एकाएकी त्या डागांवर दोन शुभ्र प्रकाशपुंज झळकले आणि सुमारे पाच मिनिटांत मावळले. ही सौरज्वालेची पहिली नोंद होय. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ उसळले. त्याचे सर्वांत मोलाचे माप मात्र मुंबईत, कुलाबा वेधशाळेत घेतले गेले.

तेथे चुंबकमापकाचे वाचन दर तासाला डोळ्यांनी होत असे. खळबळ वाढली की पाच-पाच मिनिटांनी. २ सप्टेंबरला पृथ्वीच्या चुंबकीय बलाचा क्षितिजसमांतर घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी, म्हणजे जवळजवळ चार टक्क्यांनी, खाली आला. ते आकडे निमूटपणे उतरविणाऱ्यांना त्यांचे मोल ठाऊक असण्याचे कारण नव्हते. २००३ मध्ये संशोधकांनी त्याच नोंदींवरून त्या वादळाची तीव्रता नव्याने मांडली.

ज्वाला आणि वादळ यांत पुष्कळदा गल्लत होते. ज्वालेचे क्ष-किरण आठ मिनिटांत येतात आणि दिवसाच्या बाजूचे लघुलहरी रेडिओ-संदेशवहन विस्कळीत करतात. वादळ आणतो तो सूर्यापासून उसळलेला चुंबकित वायूचा लोट. त्याला बहुधा एक ते तीन दिवस लागतात. त्याच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा दक्षिणेकडे असली, तर पृथ्वीच्या चुंबकीय कवचात त्याची ऊर्जा सहज शिरते. मग ध्रुवांलगतच्या वातावरणात विद्युत्भारित कण आदळतात आणि प्राणवायू हिरवा, अधिक उंचीवर तांबडा, उजळतो. मे २०२४ मध्ये लडाखमधील हानले येथे दिसलेली आभा तांबडी होती. इतक्या दक्षिणेकडून त्या प्रकाशाचा केवळ माथाच दृष्टीस पडतो.

परंतु हे प्रकरण केवळ शोभेचे नव्हे. अशा वादळात जमिनीत प्रवाह निर्माण होऊन ते लांब वीजवाहिन्यांत आणि रोहित्रांत शिरतात. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्वेबेकचे वीजजाळे सुमारे ९० सेकंदांत कोसळले. ६० लाख लोक कित्येक तास अंधारात राहिले.

जानेवारी २०२४ पासून भारताचे ‘आदित्य-एल१’ यान १५ लाख किलोमीटरवरून सूर्यावर दृष्टी ठेवून आहे. तेथून लोट पुढे सरकला की पृथ्वीवर पूर्वसूचनेस उरतो जेमतेम तास, कधी त्याहूनही कमी. कुलाब्याचे चुंबकीय वेध मात्र तेथे राहिले नाहीत. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभारली गेली. तेथील नोंदी आजही चालू आहेत.