मोटारीचा वेग आणि विजेची काटकसर
(पाणीपुरवठा विषयक शिबिरातील भाषण)



पाणी कमी हवे असेल तेव्हा बहुतेक ठिकाणी पंपाचा व्हॉल्व्ह आवळला जातो. पाणी कमी होते. मोटार मात्र पूर्ण वेगानेच फिरत राहते आणि पंपाने निर्माण केलेल्या दाबाचा बराचसा भाग व्हॉल्व्हमध्ये व्यर्थ जातो. त्याचे बिल अखेर पाणीपट्टीतूनच भागवावे लागते. यावर उपाय म्हणजे मोटारीचाच वेग कमी करणे.

वेग बदलण्याचे प्रकार अनेक आहेत. पट्टा आणि लहानमोठ्या पुली हा सर्वांत साधा. १८९१ मध्ये वॉर्ड लिओनार्ड यांनी जनित्राच्या साहाय्याने डीसी मोटारीचा वेग बदलण्याची पद्धत आणली. लिफ्ट व खाणींतील पाळणे तिच्यावर चालत. आज सर्वत्र आढळणाऱ्या इंडक्शन मोटारीचा वेग विजेच्या वारंवारतेवर अवलंबून असतो. ५० हर्ट्‌झवर चार ध्रुवांची मोटार मिनिटाला १५०० फेऱ्यांहून किंचित कमी फिरते. इलेक्ट्रॉनिक वेगनियंत्रक एसी विजेचे प्रथम डीसीत रूपांतर करतो आणि मग हव्या त्या वारंवारतेची एसी वीज मोटारीस पुरवतो. मुंबईच्या उपनगरी गाड्या १९२५ साली डीसी मोटारींवर सुरू झाल्या; २००७ पासून दाखल झालेल्या गाड्यांत एसी मोटारी व असेच नियंत्रक आहेत. ब्रेक लावताना त्या काही वीज तारेला परतही करतात.

पंप व पंखे यांत लाभ विशेष आहे. घर्षणाचाच विरोध असेल, तर वेग ८० टक्के केल्यास शक्ती सुमारे ५१ टक्केच लागते. शिवाय मोटार हळूहळू सुरू होत असल्याने आरंभीचा विद्युतप्रवाहाचा झटका टळतो.

तथापि हा उपाय सर्वत्र लागू नाही. विहिरीतून उंच टाकीत पाणी चढवताना उंचीचा भार वेगाबरोबर घटत नाही. वेग फार उतरला तर पाणी टाकीपर्यंत पोहोचतच नाही. तेथे योग्य क्षमतेचा पंप निवडणे हीच खरी काटकसर. याउलट थेट नळांना पाणी देणाऱ्या, दिवसभरात मागणी बदलणाऱ्या योजनेत नियंत्रक उपयुक्त ठरतो. तो धूळ व उष्णतेपासून जपावा लागतो.

म्हणून खरेदीचा ठराव करण्यापूर्वी पंचायतीने तीन गोष्टी तपासाव्यात: मागणी खरोखर बदलते काय, पाणी किती उंच चढवायचे आहे आणि आहे तो पंप गरजेपेक्षा मोठा तर नाही ना. ही उत्तरे हाती असतील, तर गावाचा पैसा योग्य कामी लागेल.