कलेकलेने वळणारा प्रकाश



या विज्ञान संमेलनाच्या अध्यक्षपदाचा मान तुम्ही मला दिलात, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. ज्या विषयाने मला आयुष्यभर गुंतवून ठेवलं, त्यावरच आज बोलतो: धातूच्या अतिसूक्ष्म अँटेना ओळीने मांडून प्रकाशाला हवं तिकडे वळवणं.

अँटेना आपल्या ओळखीची आहे. १९७२ साली मुंबईत दूरदर्शन सुरू झालं आणि पुढे घराघरांवर ॲल्युमिनियमच्या दांड्या उभ्या राहिल्या. पडद्यावर मुंग्या आल्या की एक जण वर चढून अँटेना फिरवायचा आणि खालून आरोळी यायची, "आलं, आलं!" त्या दांड्यांची लांबी लहरीच्या लांबीशी जुळवलेली असे. प्रकाश हीही तशीच विद्युतचुंबकीय लहर. फक्त तिची लांबी मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाच्या आसपास. दांडी त्या मापात आणली, की तिच्यातले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर डोलू लागतात आणि स्वतः प्रकाश फेकू लागतात.

पण एकटी अँटेना प्रकाशाला वाट दाखवू शकत नाही. त्यासाठी ओळ लागते. लेझीमचं पथक आठवा. एका रांगेतली मुलं एकाच ठेक्यावर निघाली, तर रांग सरळ पुढे जाते. प्रत्येकाने शेजाऱ्यापेक्षा किंचित उशिरा पाऊल टाकलं, तर रांग तिरकी होते. लहरीची वाट तिच्या रांगेशी काटकोनात असते. म्हणून रांग तिरकी झाली, की प्रकाश वळला.

२०११ साली हार्वर्ड विद्यापीठात फेदेरिको कापासो यांच्या गटाने नेमकं हेच करून दाखवलं. सिलिकॉनच्या चकतीवर त्यांनी सोन्याच्या, इंग्रजी 'व्ही'च्या आकाराच्या अँटेना मांडल्या. जाडी अवघी ५० नॅनोमीटर. भुजांची लांबी आणि त्यांमधला कोन बदलला की अँटेनाचा प्रतिसाद मागेपुढे होतो. आठ अँटेनांचा एक संच, प्रत्येक पुढची ४५ अंशांनी मागे; आठव्यानंतर ३६० अंशांचं आवर्तन पूर्ण आणि पुन्हा पहिलीपासून सुरुवात. त्यातली युक्ती मला आजही मोहवते: आकार चारच, उरलेले चार म्हणजे तेच आकार ९० अंशांत फिरवलेले. भिंगात काचेची जाडी जे काम करते, ते इथे नुसत्या मांडणीने केलं.

लहरीच्या या मागेपुढे असण्याला मराठीत 'कला' म्हणतात. चंद्राच्या कलांचा हा शब्द इथे किती चपखल बसतो! पण आपल्या वर्गांत भिंगाचं सूत्र पाठ होतं आणि कला मात्र घाईघाईत उरकली जाते. या विषयाचा सगळा कणा तर तीच आहे.

मर्यादाही सांगितली पाहिजे. हार्वर्डच्या त्या प्रयोगात पडलेल्या प्रकाशातला थोडाच भाग वळला. शिवाय तो अवरक्त प्रकाश होता; दृश्य प्रकाशात तर धातू बरीच ऊर्जा उष्णता म्हणून गिळतो. म्हणूनच २०१६ साली त्याच गटाने दृश्य प्रकाशाचं सपाट भिंग घडवताना धातू सोडला आणि टायटॅनियम डायऑक्साइडचे ६०० नॅनोमीटर उंचीचे खांब उभारले. आपल्या भिंतींच्या पांढऱ्या रंगात असतो तोच हा पदार्थ. धातू बाजूला झाला, पण कलेचा हिशेब तोच राहिला. म्हणून मी आग्रहाने म्हणतो, पदार्थ बदलत राहतील. मांडणीची विद्या शिका.

ही विद्या आपल्या अंगणातही आहे. नारायणगावजवळ खोडद परिसरात गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली रेडिओ दुर्बिणीच्या, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभ्या राहिल्या. त्यांचे संकेत कलेत आणून एकत्र जोडले, की त्या एकजुटीने आकाशाचा एकच ठिपका न्याहाळतात. खोडदची थाळी आणि सोन्याचा तो 'व्ही' यांच्या मापांत कोट्यवधी पटींचं अंतर आहे, पण दोघींचं गणित सख्ख्या बहिणींसारखं आहे.

म्हणून शिक्षकांना माझी एकच विनंती आहे. फळ्यावर सूत्र लिहिण्याआधी मुलांना मैदानावर न्या. हातात लेझीम द्या, एका रांगेत उभं करा आणि प्रत्येकाला शेजाऱ्यामागून अर्ध्या ठेक्याने निघायला सांगा. रांग तिरकी होताना ज्या मुलीने पाहिली, तिला प्रकाश का वळतो हे पुन्हा सांगावं लागणार नाही. उद्याची अँटेना तीच मांडेल.