तिखटाची गोडी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून भाषा, संस्कृती आणि पुढील पिढी यांविषयी पुष्कळ बोलले गेले, आणि ते उचितच झाले. आम्ही मात्र आज आपले लक्ष एका घरगुती विषयाकडे वेधू इच्छितो. तो विषय म्हणजे तिखट. बदली होऊन आंध्रात आलेल्या मराठी कुटुंबाची पहिली परीक्षा तेलुगू लिपी घेत नाही. ती पानात वाढलेली गोंगुरा पच्चडी घेते. उलटपक्षी, येथेच वाढलेली आपली मुले सुटीत पुण्यास जातात, तेव्हा आजीची गूळ घातलेली आमटी त्यांना मिळमिळीत वाटते आणि आजी मनातून खट्टू होते. म्हणून हा प्रश्न केवळ जिभेचा नव्हे. एका पंगतीत बसून सुखाने जेवता येण्याचा आहे.

प्रथम मिरचीचे कूळ पाहू. मिरची मूळची अमेरिका खंडातील. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. १२९० साली ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, तेव्हा महाराष्ट्रात मिरची नव्हती. मिरी, पिंपळी आणि सुंठ यांवरच तिखटाची हौस भागत असे. 'मिरची' हे नावसुद्धा मिरीवरूनच पडलेले आहे. म्हणजे ज्या झणझणीतपणाचा आपण पिढीजात म्हणून अभिमान बाळगतो, तो या देशाने गेल्या चारपाचशे वर्षांत शिकून घेतलेला आहे. जे देशाला साधले, ते एका कुटुंबाला का साधू नये?

हे शिकणे म्हणजे नेमके काय? आयुर्वेदाने तिखटास 'कटु' म्हणून सहा रसांत स्थान दिले. आधुनिक शास्त्र मात्र त्यास चव मानीत नाही. ते त्यास वेदना मानते. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य आपल्या मज्जातंतूंवरील ज्या ग्राहकास चेतविते, तोच ग्राहक चटका बसण्याजोगी उष्णताही ओळखतो. १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांनी हा ग्राहक शोधला आणि २०२१ साली ते नोबेल पारितोषिकाचे सहमानकरी झाले. तेव्हा 'तोंड भाजले' हे आपले बोलणे मुळीच अतिशयोक्त नाही. मेंदूला खरोखरच तसा निरोप पोहोचतो. पक्ष्यांना हा दाह जाणवत नाही, म्हणून पोपट खुशाल मिरची खातो. आपल्याला तो जाणवतो, आणि तरीही आपण ती मागून घेतो. यातच माणसाचे वैशिष्ट्य आहे.

ही आवड लागते कशी, याचा अभ्यास पॉल रोझिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने मेक्सिकोतील एका खेड्यात केला. तो १९८० साली प्रसिद्ध झाला. तेथे लहान मुलांना कोणी बळेच मिरची भरवीत नाही. वडीलधारी आणि थोरली भावंडे ती आनंदाने खाताना मुले रोज पाहतात, थोडी थोडी चाखतात, आणि पुढे आपण होऊन मागू लागतात. त्याच घरांतील उष्ट्यावर वाढलेल्या कुत्र्यांना आणि डुकरांना मात्र मिरचीची गोडी लागलेली आढळली नाही. यावरून आम्ही एवढाच बोध घेतो, की तिखटाची गोडी केवळ सवयीने लागत नाही. ती संगतीने लागते.

आता थोडे व्यवहाराचे. तोंड पोळल्यावर आपण पाण्याकडे धावतो. पण कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते स्निग्ध पदार्थांत विरघळते आणि दुधातील केसिन त्यास धरून ठेवते. आमचे आंध्र शेजारी हे शास्त्र न वाचताच पाळीत आले आहेत. त्यांच्या बालकाचा आरंभ तूप घातलेल्या पप्पूभाताने होतो. मोठ्यांच्या पानातही आवकाय किंवा कंदी पोडी ऊन भातावर तुपासह येते, मागून चारू येते आणि जेवणाची सांगता दहीभाताने होते. गुंटूरची मिरची जगभर जाते. पण ती सुखाने पचविण्याची ही रीत तिच्याबरोबर जातेच असे नाही. आपल्याकडेही कोल्हापूरच्या तांबड्या रश्शाशेजारी पांढरा रस्सा असतो आणि कोकणात सोलकढी असते. दोहोंत नारळाचे दूध असते, हा योगायोग नव्हे.

नवागतांनी याच वाटेने जावे. प्रथम तूपभातात बोटाएवढी पच्चडी, काही दिवसांनी थोडी अधिक. पुनःपुन्हा चाखल्याने मज्जातंतूंची तक्रार मंदावते आणि दाहामागे दडलेला गोंगुऱ्याचा आंबटपणा, मोहरीचा उग्र गंध कळू लागतो. ज्यांस वैद्याने तिखट वर्ज्य सांगितले आहे, त्यांनी अर्थातच या भानगडीत पडू नये.

आणि मराठी जेवण म्हणजे तरी एकच कोठे आहे? गोडा मसाल्याची पुणेरी आमटी, नागपूरचा सावजी रस्सा, खानदेशी हिरव्या मिरचीचे भरीत, या साऱ्यांची खरी गाठभेट परमुलुखातल्या मंडळाच्या पंगतीतच पडते. देशी राहिलो असतो, तर आपल्यापैकी कित्येकांनी परस्परांची आमटी चाखलीही नसती.

म्हणून मंडळास आमची एक विनंती आहे. गणेशोत्सवाच्या महाप्रसादात तिखट आणि सौम्य अशी दोन पातेली असावीत. सौम्य वाढून घेणाऱ्यास 'तू कसला मराठी?' असे कोणी हिणवू नये, आणि तिखट मागणाऱ्या आपल्या मुलांना 'तुम्ही आता आंध्रचेच झालात' असेही म्हणू नये. हिणविलेले मूल पातेल्यापासून दूर जाते, आणि पातेल्याबरोबर पंगतीपासूनही. सुटीत घरी जाताना मुलांना एवढेच सांगावे, की आजीची आमटी कमी तिखट नाही, ती निराळी आहे. आणि तिच्यासाठी आवकायची लहानशी बरणी बरोबर द्यावी. तिने ती बोटाने चाटून पाहिली, तरी पुष्कळ झाले.

पन्नास वर्षांत आपल्या मंडळाने अनेक घरांच्या चुली एकमेकींस जोडल्या. पुढील पन्नास वर्षांतही पंगत अशीच लांबत राहो, एवढी इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.