उताऱ्यात काय लिहिलंय?
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाने मला 'प्रवेश परीक्षेची तयारी' हा विषय दिला. विषय मोठा, आणि जेवणाची वेळ झालेली. म्हणून एकाच परीक्षेविषयी, त्यातही फक्त वाचनाविषयी बोलतो.

बारावीनंतर राष्ट्रीय विधी विद्यापीठांत पाच वर्षांचे वकिलीचे शिक्षण घेण्यासाठी क्लॅट ही परीक्षा असते. आपल्या राज्यात अशी विद्यापीठे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला बारावीत ४० टक्के असले तरी परीक्षेला बसता येते. २०२० पासून उतारा देऊन त्यावर प्रश्न विचारतात. डिसेंबर २०२३ च्या परीक्षेपासून १२० प्रश्न आणि १२० मिनिटे. पेपर इंग्रजीतच, चुकलेल्या उत्तराला पाव गुण कापतात.

माझी भाची दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली. पहिल्या सराव पेपरात इंग्रजीच्या २४ प्रश्नांपैकी ९ बरोबर, १५ चूक. हातात पडले सव्वापाच गुण. घरात एकच सूर, "मराठी मीडियमची पोरगी, वेग कमी पडतो." मलाही तेच वाटलं. भरभर वाचायला शिकवणारं पुस्तक आणून दिलं. पुढच्या पेपरात गुण आणखी घसरले. चूक माझी होती.

मग एका रविवारी हिशेब मांडला. इंग्रजीचे चार-पाच उतारे, एकेक साधारण ४५० शब्दांचा. दोन हजार शब्द धरा. मिनिटाला २०० शब्द वाचले तरी दहा मिनिटं. चोवीसातली चौदा उरतातच. मग गुण जात होते कुठे?

चुकलेला एकेक प्रश्न काढला. म्हटलं, बरोबर उत्तर कोणत्या ओळीत आहे, बोट ठेव. अवघड शब्दामुळे चुकलेले तीनच निघाले. एक उतारा आरक्षणावर होता, लेखक विरोधात लिहिणारा. प्रश्न होता, लेखकाचे म्हणणे काय? पोरीने स्वतःचं म्हणणं निवडलं. मला म्हणाली, "मामा, पण तो चुकीचं लिहितोय ना!" मी म्हटलं, "चुकीचंच लिहितोय बाई. पण पेपर त्याचं म्हणणं विचारतोय. आधी ते नीट समजून घे. वकील झालीस की त्याला उत्तर दे."

सांगायला सोपं आहे. आपल्या पोरांना असे उतारे टोचतात, आणि टोचलं की डोळा ओळीवरून उडतो. दहा मिनिटं राग बाजूला ठेवायची सवय लागायला तिला दोन महिने लागले.

रोज इंग्रजी पेपरातला एक अग्रलेख हळू वाचायचा. खाली मराठीत दोन ओळी, लेखक काय म्हणतो आणि का म्हणतो. मराठीत सांगता आलं नाही तर ते कळलेलंच नाही. शब्द अडला तर खूण करून पुढे, डिक्शनरी शेवटी. उत्तर निवडताना उरलेले तीन पर्याय का चूक तेही सांगायचं. एखादा उलटा असतो, एखाद्यात 'सर्व', 'कधीच' असे शब्द घालून ताणलेलं असतं, आणि एखादा जगात खरा पण उताऱ्यात नसलेला. आमची पोरगी ह्या शेवटच्यालाच फसायची. दोन पर्याय खात्रीने खोडले असतील तर पाव गुणाच्या भीतीने प्रश्न सोडू नका.

शेवटच्या सराव पेपरात १८ बरोबर, ४ चूक, दोन सोडलेले. सतरा गुण.

आणि आई-वडिलांनो, इंग्रजी येत नाही म्हणून मागे सरू नका. माझी ताई सातवी शिकलेली. भाकरी थापता थापता विचारायची, "आज त्या माणसाचं काय म्हणणं होतं गं?" पोरगी सांगायची. ताई म्हणायची, "का पण?" पोरगी अडली की उठून पुन्हा उतारा उघडायची.

दर रविवारी चार वाजता मी विहारात असतो. चुकलेले पेपर घेऊन या, बरोबर आलेले नकोत. जयभीम.