भात गरम केला, तरी विष राहिलंच

आज बोलायचंय भाताबद्दल. तुम्ही म्हणाल, भातात काय बोलायचं? पण आमच्या गटाला या भाताने एकदा चांगलंच रडवलंय.

एका बारशाच्या नाश्त्याची ऑर्डर होती, ऐंशी माणसांची. फोडणीचा भात करायचा होता. सकाळी घाई नको म्हणून आम्ही भात रात्रीच शिजवला. मोठ्या पातेल्यात तसाच ठेवला, वर झाकण, झाकणावर फडकं. सकाळी बघितला तर वास नाही, चिकट नाही, शीत न् शीत मोकळं. कांदा-मिरचीची फोडणी दिली, वाफ येईपर्यंत परतला आणि दहा वाजता वाढला. एक वाजायच्या आत उलट्या सुरू. एका लहान मुलीला सलाईन लावावं लागलं. कुणी पाण्यावर बोट ठेवलं, कुणी चटणीवर, कुणी नजर लागली म्हणालं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मात्र पहिलाच प्रश्न केला, "भात कधी शिजवला होता?"

त्यांनी सांगितलं ते मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं. बॅसिलस सिरीयस नावाचा एक जंतू आहे. तो मातीत असतो, तिथून तांदळावर येतो. भात शिजताना बाकीचे जंतू मरतात, पण हा बी धरून बसतो. याचं बी इतकं टणक की उकळीतही टिकतं. भात कोमट झाला की त्या बीला जणू पाऊस पडल्यासारखं होतं. जंतू जागा होतो, वाढतो आणि भातात विष सोडतो.

आता खरी गोम ऐका. सकाळी आपण परततो तेव्हा जंतू मरत असेल, पण त्याचं विष मरत नाही. कितीही परता, कुकरमध्ये घाला, ते तसंच राहतं. वासावरून कळत नाही, चवीवरूनही नाही. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून सहा तासांत मळमळ, उलट्या. याच जंतूचा दुसरा प्रकार पोटात गेल्यावर विष करतो, त्याने जुलाब होतात, ते जरा उशिरा.

आमच्या गटातल्या मावशी म्हणाल्या, "अगं, जन्मभर शिळा भात खाल्ला, आम्हाला काही झालं नाही." बरोबर आहे त्यांचं. घरी तळाला उरतो वाटीभर भात, तो पटकन गार होतो. दहा किलोचं पातेलं तासन् तास आतून कोमट राहतं, आणि आपण वर फडकं टाकून त्याला आणखी ऊब देतो! तेच पातेलं उचलून फ्रीजमध्ये ठेवलं तरी मधला भात लवकर गार होत नाही. तरी घरचा भातही रात्रभर ओट्यावर ठेवू नका, उन्हाळ्यात तर नाहीच.

मग करायचं काय? भात वाढेपर्यंत कडकडीत गरम ठेवायचा, नाहीतर झटपट गार करायचा. उरवायचाच असेल तर परातीत पातळ पसरा, वाफ गेली की छोट्या डब्यांत भरून लगेच फ्रीजमध्ये. हे सगळं दोन तासांच्या आत. फ्रीज नसेल तर लागेल तेवढाच शिजवा. रात्रभर बाहेर राहिलेला भात टाकताना जीव तुटतो, मलाही तुटतो. पण तो पाहुण्यांच्या पानात वाढू नका.

कुणाला उलट्या-जुलाब झालेच तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ घालून घोट घोट पाजत राहा. लहान मूल सुस्त झालं, लघवी कमी झाली, की थांबू नका, दवाखाना गाठा.

त्या ऑर्डरचे पैसे आम्ही परत केले. पुढचे चार महिने गावात कुणी आम्हाला काम दिलं नाही. आता ऑर्डर असली की आम्ही पहाटे चारला चूल पेटवतो, आणि परतताना झोपाळलेल्या डोळ्यांनी एकमेकींना विचारतो, "आजचाच ना गं भात?"