वाडीवरच्या शाळेची बाजू
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'आयटी क्षेत्रातल्या संधी' हा विषय दिला होता. त्यातलं आपल्यापेक्षा आपल्या मुलांना जास्त कळतं, म्हणून मी तो बदलून घेतला. मी शाळेबद्दलच बोलणार आहे, पण आपल्या शाळेबद्दल नाही. तिचं कौतुक सकाळपासून चाललंय आणि ते रास्तच आहे. शाळा कुठे असावी, किती असाव्यात, त्यात काय शिकवावं, हे ठरवतं कोण, याबद्दल मला बोलायचंय.

नागरिकशास्त्राच्या पेपरात याचं उत्तर सोपं होतं. विधिमंडळ कायदा करतं, मंत्रिमंडळ धोरण ठरवतं, प्रशासन ते राबवतं. यात चूक काही नाही, पण हे अर्धंच उत्तर आहे. उरलेलं अर्धं म्हणजे दबावगट. पेणकरांना हा शब्द समजावून सांगायची गरज नाही. पीओपीच्या मूर्तींवर बंदी आली तेव्हा आपल्याकडचे कारखानदार आणि मूर्तिकार गप्प बसले नाहीत. संघटना केली, मंत्र्यांना भेटले, न्यायालयात बाजू मांडली आणि ९ जून २०२५ रोजी उच्च न्यायालयाने मूर्ती बनवायला परवानगी दिली. विसर्जनाचं बंधन राहिलं, पण कारखाने चालू राहिले. पीओपीबद्दल तुमचं मत काहीही असो (या सभागृहात दोन्ही बाजूंची मंडळी बसली आहेत, मला दिसताहेत), ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांचं म्हणणं ऐकलं गेलं, कारण ते एकत्र होते.

शिक्षणातही हेच चालतं. अलीकडचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण हिंदीचं. १६ एप्रिल २०२५ रोजी शासन निर्णय निघाला की मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य. सरकारचीच भाषा सल्लागार समिती आहे, लक्ष्मीकांत देशमुख तेव्हा तिचे अध्यक्ष होते. या समितीनेच मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून विरोध नोंदवला. आठवड्याभरात शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी 'अनिवार्य' हा शब्द स्थगित केल्याचं सांगितलं. १७ जूनला नवा निर्णय आला, त्यात शब्द होता 'सर्वसाधारणपणे'. दुसरी एखादी भाषा हवी असेल तर वर्गात निदान वीस मुलं मागणारी हवीत. आता बाई, तुम्हीच सांगा, ज्या शाळेचा सगळा पटच वीस नाही, तिथे वीस मुलं कुठून आणायची?

मराठी अभ्यास केंद्राचे दीपक पवार, बालशिक्षणातली माणसं, शिक्षक, लेखक सगळे बोलू लागले. राजकीय पक्ष उतरले. ५ जुलैचा मोर्चा जाहीर झाला आणि त्याआधीच, २९ जूनला, दोन्ही शासन निर्णय रद्द झाले. डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली गेली. एप्रिलमध्ये काढलेला निर्णय जूनअखेर मागे. आमच्या कंपनीत एखादा बग इतक्या लवकर सुटत नाही. महापालिका निवडणुका तोंडावर होत्या, हे त्यामागचं एक कारण होतंच. तरी निर्णय मागे गेला याचा मला आनंद आहे. सहा वर्षांच्या मुलावर तीन भाषा लादू नयेत, असं माझं मत आहे.

पण त्या सगळ्या वादात एक मूल मला कुठेच दिसलं नाही. आपल्या तालुक्यातल्या कातकरी वाडीतलं. त्याच्या घरी कातकरी बोलली जाते. त्याच्यासाठी पुस्तकातली मराठी हीच पहिलीत भेटणारी नवी भाषा आहे. म्हणजे आपण 'तिसरी भाषा' म्हणून भांडत होतो ती त्याची चौथी झाली असती. हे कुणी मोठ्याने म्हटलं नाही, कारण म्हणणारं कुणी चर्चेच्या टेबलावर नव्हतं. आमच्या कामात हा नेहमीचा अनुभव. जो वापरणारा बैठकीला नसतो, त्याची गरज कागदावर येत नाही. मग सॉफ्टवेअर तयार होतं, चालतं, आणि त्याच्या काही उपयोगाचं नसतं.

दुसरं उदाहरण आरटीईच्या पंचवीस टक्के जागांचं. कायद्याप्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या वर्गात एवढ्या जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्यायच्या, त्यांचं शुल्क सरकारने भरायचं. सरकार ते पैसे वर्षानुवर्षं थकवतं ही संस्थाचालकांची तक्रार, आणि ती खोटी नाही. त्यांच्या संघटना आहेत, त्या मंत्रालयात जातात. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांमधून सूट. पालक अर्ज भरायला बसले तर यादीतून इंग्रजी शाळा गायब. मग पालक आणि शिक्षण हक्काचं काम करणाऱ्या संघटना न्यायालयात गेल्या. ६ मेला स्थगिती आली आणि १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल घटनाबाह्य ठरवून रद्द केला. इथे दोन्हीकडे दबावगट होते. एकाने नियम बदलल्यावर दुसरा उभा राहिला, म्हणून निकाल लागला. दुसरा नसता तर?

'दुसरा नसता तर' हेच मला आज तुमच्यासमोर ठेवायचंय.

विधान परिषदेत सात शिक्षक मतदारसंघ आहेत. आपला कोकण शिक्षक मतदारसंघ. इथे बसलेले आपले सर आणि बाई त्याचे मतदार होते, त्यामुळे प्रचाराची पत्रकं शाळेच्या स्टाफरूममध्ये यायची. पण राज्यघटनेच्या १७१व्या कलमाप्रमाणे मतदार व्हायला माध्यमिक किंवा त्यावरच्या शाळेत शिकवावं लागतं. वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेतल्या प्राथमिक शिक्षकाला तिथे मत नाही. पालकांना तर नाहीच. शिक्षक संघटनांवर माझा राग नाही. त्यांच्यामुळेच शिक्षकांचे पगार माणसासारखे झाले. पण शिक्षकाचं हित आणि मुलाचं हित बहुतेक वेळा एक असलं तरी दर वेळी एक असेलच असं नाही, एवढं या वयात आपण म्हणू शकतो.

आता आकडे. राज्यात वीस किंवा त्याहून कमी पटाच्या १४,७८३ शाळा असल्याचं २०२३ साली सरकारनेच सांगितलं. त्यांत १,८५,४६७ मुलं आणि २९,७०७ शिक्षक. म्हणजे सरासरी शाळेमागे बारा-तेरा मुलं आणि दोन शिक्षक. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शिक्षण आयुक्तालयाचं पत्र निघालं की अशा शाळांसाठी 'समूह शाळां'चे प्रस्ताव पाठवा. जवळच्या लहान शाळा मिळून एक मोठी शाळा करायची. त्याआधी, २०१७ मध्ये, दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करायचं ठरलं होतं.

कागदावर हे अगदी शहाणपणाचं दिसतं. मोठी शाळा म्हणजे ग्रंथालय, प्रयोगशाळा, खेळायला संघ. पाच मुलांत कबड्डी होत नाही, हे मलाही मान्य. पण आपल्या वर्गातली एक मैत्रीण जिल्हा परिषद शाळेत शिकवते. ती म्हणाली, "अगं, नकाशावर दोन किलोमीटर असतं गं. जुलैत मधला ओढा भरला की ते वीस किलोमीटर होतं. आणि सहा-सात वर्षांच्या पोरीला आई एकटी पाठवत नाही, ती घरीच राहते." नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी आणि ती नसेल तर जाण्या-येण्याची सोय सरकारने करायची. ती गाडी पावसाळ्यात वाडीपर्यंत चढेल का, हे पुण्याला बसून कळत नाही.

तिने आणखी एक सांगितलं. दिवाळी झाली की तिच्या शाळेतली निम्मी मुलं आईबापांबरोबर वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामाला जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. तेव्हाची हजेरी बघून कुणी पट मोजला तर ती शाळा आपोआप 'कमी पटाची' ठरते.

या मुलांसाठी कुणी काही केलंच नाही असं नाही. १९९०च्या दशकात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेने वसईकडच्या वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा सुरू केल्या. भोंगा म्हणजे भट्टीवर कच्च्या विटा रचून केलेली झोपडी. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळा भोंग्यात न्यायची. स्थलांतरित मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न सरकारदरबारी पोचायला अशा कामांचा मोठा हात आहे. मला त्यातलं आवडतं ते हे, की त्यांनी नुसतं निवेदन दिलं नाही, आधी करून दाखवलं आणि मग मागितलं.

निवेदनाचंही मोल कमी नाही म्हणा. जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी दिलेलं निवेदन आठवा. रयतेच्या करातून येणारा पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असं त्यांनी लिहून दिलं. सक्तीच्या मोफत शिक्षणाचा केंद्रीय कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी. एकशे सत्तावीस वर्षं. हिंदीचा निर्णय अडीच महिन्यांत फिरला, याला सव्वाशे वर्षं लागली. कोण मागतंय आणि कुणासाठी मागतंय, यावर वेग ठरतो.

आता त्याच कायद्यातलं कलम २१. प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेला शाळा व्यवस्थापन समिती हवी. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या स्त्रिया. जिल्हा परिषदेच्या शाळेत या समितीने शाळेचा विकास आराखडा करायचा आणि कलम २२ म्हणतं की सरकारची योजना आणि अनुदान त्या आराखड्यावर बेतायचं. म्हणजे दबावगट कायद्यानेच बनवून दिलाय, प्रत्येक वाडीवर एक. पण बऱ्याच ठिकाणी त्याची बैठक म्हणजे रजिस्टरवर सह्या आणि अंगठे. भट्टीवर गेलेली आई बैठकीला कुठून येणार?

म्हणून मी एक ठरवलंय आणि ते सांगून खाली बसते. आपल्या बॅचमध्ये दोन वकील आहेत, एक सीए, तीन शिक्षिका, एक पत्रकार, पंचायत समितीत काम केलेला एक जण, आणि माझ्यासारखे कॉम्प्युटरवाले ढिगाने. पेण तालुक्यातल्या पाच वाड्यांपासून सुरुवात करायची. दसरा आणि दिवाळी यांच्यामध्ये, लोक भट्टीवर जायच्या आधी, तिथल्या व्यवस्थापन समितीबरोबर बसायचं. ते सांगतील ते त्यांच्या शब्दांत लिहून घ्यायचं. पट किती, स्थलांतर किती महिने, ओढा कधी भरतो, पर्यायी शाळा पायवाटेने खरी किती लांब. त्याचा ठराव त्यांच्या नावाने, त्यांच्या सहीने गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यायचा आणि पोच घ्यायची. पोच महत्त्वाची, वकील मंडळी मान डोलावताहेत. वाडी म्हणाली की आम्हाला मोठी शाळा आणि गाडीच हवी, तर तेच लिहायचं. आपलं मत घुसडायचं नाही.

पैसे मागत नाही, वर्षातले चार रविवार मागतेय. चहाच्या टेबलाजवळ वही ठेवली आहे, नाव आणि फोन नंबर लिहा. सर, तुमचं नाव मी न विचारता पहिलं लिहिलंय. हस्ताक्षर तुम्हीच घटवून घेतलंत, तेव्हा वाचता येईल.