ताडपत्री म्हणजे योजना नव्हे



भिलाईत आपल्या मराठी लोकांचे मोकळ्यावरचे कार्यक्रम पुष्कळ होतात. उन्हाळ्यात लग्नं आणि रिसेप्शन, ऑक्टोबरात कोजागिरी. अशा कार्यक्रमांची व्यवस्था बघायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे येतं. यजमानाला मी पहिला प्रश्न विचारतो, "हवा बिघडली तर?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "टेंटवाल्याला ताडपत्री सांगून ठेवलीय."

ताडपत्री ही वस्तू आहे, योजना नव्हे. योजना म्हणजे कोणी, किती वाजता, काय बघून निर्णय घ्यायचा, हे आधी ठरवणं.

आधी आपलं आभाळ समजून घेऊ. एप्रिल-मेमध्ये इथे दिवसभर तापतं आणि संध्याकाळी अचानक ढग भरून वादळ येतं. नेमका हाच अक्तीचा, म्हणजे आपल्या अक्षय्य तृतीयेचा, लग्नांचा हंगाम. जूनच्या मध्यावर मान्सून येतो. ऑक्टोबरात पाऊस संपला असं वाटतं, तेव्हा बंगालच्या उपसागराची आठवण ठेवावी. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं आणि त्याचा उरलेला जोर पाऊस घेऊन छत्तीसगडवर आला. कोजागिरीच्या आठवड्यात आपण भिलाईचं आभाळ बघतो, पण नजर विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावरही हवी.

आता धोका कशाचा? भिजण्याचा नाही. भिजलेला माणूस घरी जाऊन कपडे बदलतो. धोका तीन गोष्टींचा आहे.

पहिला वारा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ६० किलोमीटरचा वारा दहा बाय पंधरा फुटांच्या कनातीवर दोनशे किलोंहून जास्त जोराने ढकलतो. छताच्या कापडात पाणी साचलं तर दहा बाय दहा फुटांवर एका सेंटीमीटरचं वजन नव्वद किलो भरतं. राजस्थानात, तेव्हा बाडमेर जिल्ह्यात असलेल्या जसोल इथे २३ जून २०१९ रोजी रामकथा चालू असताना वादळात मंडप कोसळला, वीजप्रवाहही उतरला आणि किमान १४ जण गेले. म्हणून वारा सुटला की लोकांना मंडपात ओढायचं नाही, मंडपातून बाहेर काढून पक्क्या इमारतीत न्यायचं. आणि मेन स्विच बंद करणारा माणूस नावानिशी नेमलेला हवा. लोखंडी पाइपांना वायर गुंडाळलेली दिसली तर कार्यक्रमाआधीच सोडवून घ्या. ईएलसीबी बसवलाय का, हे टेंटवाल्याला विचारा.

दुसरी वीज. आपल्या देशात दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं वीज पडून दगावतात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. कार्यक्रम थांबवा. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं कुणाला मैदानावर येऊ देऊ नका. झाडाखाली नाही, मंडपात नाही. पक्कं घर, किंवा काचा बंद केलेली मोटार. सेक्टरमधल्या मैदानाभोवती पक्के क्वार्टर असतात, कोणाच्या दारात किती लोक जातील हे शेजाऱ्यांशी आदल्या दिवशी बोलून ठेवा.

तिसरं ऊन, ज्याला आपण वाईट हवामान म्हणतच नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भर उन्हात झाला. उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. जवळच्या केंद्रावर पारा सुमारे ३८ अंशांचा होता. भिलाईकर ३८ला हसतील. पण दमट हवा, सावली नाही आणि तासन् तास बसून राहणं, हे एकत्र आलं की ३८ पुरतात. उन्हाळ्यातली वरात संध्याकाळीच काढा. पाण्याची सोय प्रवेशद्वारापाशी नको, लोक बसतात तिथे हवी.

मग निर्णय कसा घ्यायचा? आठवडाभर आधीपासून रायपूरच्या हवामान केंद्राचा अंदाज बघा, त्यात दुर्ग जिल्हा शोधा. त्या दिवशी पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशारा बघा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप जवळपासच्या विजेची सूचना देतं, ते दोघांच्या मोबाइलवर ठेवा. नारिंगी इशारा आला तर कार्यक्रम सभागृहात, हे आधीच ठरलेलं असू द्या. वेळही ठरवा, भट्टी पेटण्याआधीची. एकदा कढई चढली की कोणीच जागा बदलायला तयार होत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, निर्णय यजमानाकडे ठेवू नका. मुलीच्या वडिलांनी पैसे भरलेत, पाहुणे नागपूरहून निघालेत, गुरुजींनी मुहूर्त दिलाय. त्या माणसाला आभाळ नेहमी 'थोडंसं भरलेलं'च दिसतं. यात त्यांचा दोष नाही. म्हणून घरातला एखादा शांत डोक्याचा काका किंवा मावशी निवडा आणि चार लोकांसमोर सांगा, "तुम्ही थांबवा म्हणालात की थांबवायचं. नंतर कोणी बोल लावणार नाही." हे शेवटचं वाक्य फार गरजेचं आहे. वादळ आलंच नाही तर त्या माणसाला टोमणे बसतात, आणि पुढच्या वेळी तो गप्प राहतो. तसं होऊ देऊ नका.

एक सोपं काम आजच करा. पुढची पत्रिका छापाल तेव्हा स्थळाच्या खाली एक ओळ वाढवा, 'हवामान प्रतिकूल असल्यास' आणि पुढे सभागृहाचं नाव. ती ओळ छापायची तर सभागृह आधी ठरवावं लागतं, टेंटवाल्याशी तारखेचं आणि ॲडव्हान्सचं बोलावं लागतं. म्हणजे योजना आपोआप तयार होते.